हृदयरोध, गर्भस्थ (मातृप्रतिपिंडजन्य)

आईच्या रक्तातील स्वप्रतिपिंडे वारेतून गर्भात उतरून त्याच्या हृदयातील विद्युत्‌संदेशांची वाट बंद पाडतात, तेव्हा होणारा विकार. हृदयाची घडण निर्दोष असूनही जन्माआधी हार्ट ब्लॉक आढळला, तर बहुतेक वेळा कारण हेच असते. १९०१ मध्ये उरुग्वेचे बालरोगतज्ज्ञ लुईस मोर्किओ यांनी एकाच कुटुंबातील मुलांच्या मंद नाडीचे वर्णन केले. आईच्या प्रतिपिंडांशी असलेला संबंध १९८०च्या सुमारास उलगडला.

ही प्रतिपिंडे म्हणजे ‘अँटी-रो’ आणि त्यांच्या जोडीने पुष्कळदा सापडणारी ‘अँटी-ला’. ल्युपस व स्योग्रेन या आजारांत ती आढळतात. पण अनेक आयांना स्वतःला काहीही त्रास नसतो. बाळाचे ठोके मंद लागतात, म्हणून आईचे रक्त तपासले जाते आणि तेव्हा कुठे निदान होते. ‘माझे काही चुकले का?’ असे ती विचारते. तिचे काहीही चुकलेले नसते, आणि हे तिला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवे.

बाळाला संसर्गापासून जपणारी आयजीजी प्रतिपिंडे ज्या वाटेने वार ओलांडतात, त्याच वाटेने हीही जातात. अलिंद आणि निलय यांना जोडणाऱ्या एव्ही नोडमध्ये दाह होतो आणि तिथे तंतुमय व्रण उरतो. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर एकाच हृदयात दोन लयी दिसतात : वरचे कप्पे मिनिटाला १४० वेळा आकुंचन पावत असतात, खालचे जेमतेम ५५. फार मंद गतीमुळे काही गर्भांच्या अंगात पाणी साठते, काही दगावतात.

धोक्याचा काळ मुख्यतः १८ ते २४ आठवडे. अँटी-रो असलेल्या शंभरातल्या सुमारे २ गरोदरपणांतच असे घडते. आधीच्या बाळाला झाले असल्यास हे प्रमाण १६ ते १८वर जाते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने ते साधारण निम्मे होते, असे २०२०च्या एका चाचणीत दिसले. डेक्सामेथासोनच्या उपयोगाबद्दल मात्र तज्ज्ञांत एकमत नाही. पूर्ण रोध परतत नाही, त्यामुळे वाचलेल्या बहुतेक मुलांना पुढे पेसमेकर लागतो. याच प्रतिपिंडांमुळे काही नवजातांच्या अंगावर उठणारे पुरळ, आईची प्रतिपिंडे ओसरली की, सहा-आठ महिन्यांत आपोआप जाते.