घरातली शाळा

मागील महिन्यात गुरुग्रामहून माझ्या भाच्याचा दूरध्वनी आला. नवरा-बायको दोघेही नोकरी करतात, मुलगी नऊ वर्षांची आहे. शाळेत ती कोमेजत चालली आहे, तिला काढून घरीच शिकवावे असा विचार दोघांनी पक्का केला होता. "मावशी, तू सरकारात आहेस. हे कायद्यात बसते का, एवढेच सांग," असे तो म्हणाला. मी त्याच्याकडे दोन दिवसांची मुदत मागितली. कायदा मला पाठ होता, पण नुसता कायदा सांगून मोकळे व्हावे असे वाटेना.

घरी शिकविणे ही अमेरिकेतून आलेली नवी टूम आहे असा आपल्याकडे समज आहे. वस्तुतः एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाचा आरंभच मुळी घरात झाला. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरी अक्षरओळख करून दिली आणि १८४८ मध्ये त्या पुण्यात भिडे वाड्यात शिकवू लागल्या. न्यायमूर्ती रानड्यांचे रमाबाईंशी १८७३ मध्ये लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. पुण्यात आल्याबरोबर त्यांच्या हाती पाटी आली, आणि तीही घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष पत्करून. त्या रोषाचे वर्णन त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात केले आहे.

पण या सर्वांत पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. त्यापायी धर्मशास्त्र्यांशी वाद झाला आणि पुढे सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे, त्यांनी बिऱ्हाड केले. तेथेच १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. वडील वृद्ध झाले होते, म्हणून धाकट्या लेकीला शिकविण्याचे काम आईकडे आले. घरकाम सुरू होण्यापूर्वी, पहाटे, आई मुलीला उठवी आणि तोंडी पाठ देई. कुटुंब तीर्थाटनाला निघाले तरी शिक्षण थांबले नाही. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना मुखोद्गत झाले होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, तोवर त्यांनी शाळेचा उंबरा ओलांडलेला नव्हता.

घरच्या शिक्षणाचे लाभ याहून वेगळे सांगायला नकोत. शिकविणारा एक, शिकणारा एक. मुलाला कळेल त्या गतीने पाठ पुढे जातो. बिऱ्हाड हलले तरी वर्ग मोडत नाही. आणि जी विद्या बाहेरचे जग एखाद्याला नाकारते, ती घर देऊ शकते. बदलीची नोकरी करणाऱ्यांना यांतील दुसरा लाभ विशेष पटेल. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते, म्हणजे आम्हा केंद्र सरकारच्या नोकरांचे पूर्वजच म्हणायचे. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असे त्यांचे बिऱ्हाड फिरत राहिले. मधूनमधून शाळा झाली, पण खरी शिकवणी नवऱ्याचीच. १८८६ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या.

मात्र याच उदाहरणाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. गोपाळराव शिकवताना मारहाण करीत. शाळेतील मास्तर मारतो तेव्हा निदान चाळीस मुले पाहत असतात. घरातल्या मास्तराला पाहणारे कोणी नसते. आणि पंडिता रमाबाई? १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे आईवडील अन्नावाचून गेले. पुराणांपलीकडे पोटापाण्याचे कोणतेही शिक्षण आपणा भावंडांना मिळाले नव्हते, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. घर जेवढे जाणते तेवढेच ते शिकविते.

येथे माझ्यातील अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आणखी एक शंका काढते. आपल्याला ही नावे ठाऊक आहेत ती त्या व्यक्ती तरल्या म्हणून. त्या काळी घरातच राहून काहीही न शिकलेल्या लक्षावधी मुलींची नोंद कोठे आहे? यशस्वी नमुन्यांवरून सरासरी काढू नये, हा आमच्या शास्त्रातला पहिलाच धडा आहे.

आणखी एक गोष्ट मला फार वर्षांनी जाणवली. घरी शिकलेल्या या बायकांनी पुढे काय केले? सावित्रीबाई शाळेत शिकवू लागल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. रमाबाई रानडे १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाच्या उभारणीत अग्रभागी होत्या. स्वतःला घराने तारले असूनही प्रत्येकीने इतरांसाठी संस्थाच उभी केली. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी होती. गोखल्यांनी १९११ मध्ये तेच विधेयकरूपाने मांडले. पुढल्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले.

सक्तीचा हा विचार दिल्लीत कसा उतरला, ते पाहण्यासारखे आहे. संसदेने केलेल्या १९६० च्या दिल्ली प्राथमिक शिक्षण अधिनियमात शाळेत न जाण्याची 'वाजवी कारणे' दिली होती. मूल अन्य रीतीने शिकत असून ते शिक्षण समाधानकारक असल्याचे प्रशासनाने ठरविले, तर तेही कारण ग्राह्य होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात अशी वाट ठेवलेली नाही. सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शाळेत दाखल करणे हे कलम १० अन्वये पालकांचे कर्तव्य आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातील एका प्रकरणात मंत्रालयाने, स्वेच्छेने घरी शिकविणाऱ्यांना कायद्याची आडकाठी नाही अशा अर्थाचे म्हणणे मांडले आणि मग ते मागेही घेतले. फायलीवर शेरा बदलला की मागे किती घरे लटकतात, याचा विचार आमच्या खात्यांत क्वचितच होतो.

त्या वेळी त्या लटकलेल्या घरांत माझेही होते. २०११ च्या नोव्हेंबरात माझी नागपूरहून दिल्लीला बदली झाली. मुलगी सातवीत होती. वर्षाच्या मध्यावर जवळच्या खासगी शाळेने दार लावले. कलम ५ शाळा बदलण्याचा हक्क देते खरे, पण विनाअनुदानित खासगी शाळा त्यातून वगळलेल्या आहेत. सरकारी शाळा चालत्या अंतरावर होती. तेथे मुलीला घालण्याचे धैर्य मला झाले नाही, हेही कबूल केले पाहिजे. एप्रिलपर्यंत ती घरीच राहिली. गणित मी रात्री घेई, मराठी आणि इतिहास सासूबाई. पाच महिन्यांत ती वर्षभराचे शिकली, आणि दिल्लीत राहून मोडी अक्षरे गिरवू लागली. मी हरखून गेले होते. मार्चमध्ये एके दिवशी ती म्हणाली, "आई, आजीशिवाय माझं कोणाशी भांडणसुद्धा होत नाही गं."

त्याच काळात आमच्या वसाहतीत गाड्या पुसणारा एक मुलगा होता, वय साधारण तेच. तोही शाळेत नव्हता. माझी मुलगी घरी आहे याबद्दल मला कोणी विचारले नाही. तो घरी आहे याबद्दलही कोणी विचारले नाही. मीदेखील विचारले नाही. कलम १० मला जाचक वाटत होते, आणि ते मुळात ज्याच्यासाठी लिहिले होते तो मुलगा रोज सकाळी सात वाजता माझ्या खिडकीखाली बादली घेऊन उभा असे.

दोन दिवसांनी मी भाच्याला फोन केला. कायद्याची स्थिती सांगितली. मुलगी चौदाची झाली की नॉयडाच्या सेक्टर ६२ मधील राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीला बसता येते, विषयांत मराठीही घेता येते, हे सांगितले. ही संस्था १९८९ पासून काम करीत आहे आणि तिचे प्रमाणपत्र पुढील प्रवेशांसाठी चालते. तोपर्यंतची पाच वर्षे शाळेच्या पटावर नाव ठेवायचे की नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवा, म्हटले. लक्ष्मीबाईंच्या पहाटेच्या पाठांची गोष्टही त्याला सांगितली; त्याने ती मन लावून ऐकली.

मग मी विचारले, "तुम्ही दोघे कामाला गेल्यावर दिवसभर घरी कोण असतं?"

"कामवाली ताई असते," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "बायकोशी बोलून परत फोन करतो, मावशी."