संगणक ‘थांबल्या’नंतरचे कर्नेल : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. त्यानंतरच्या दशकात खानदेशातील महाविद्यालयांत संगणक प्रयोगशाळा स्थिरावल्या, तर २००१ पासून एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रमामुळे संगणक जळगाव-धुळे जिल्ह्यांतील तालुक्याच्या गावी पोहोचला. त्याच सुमारास भारनियमनाचे तासही वाढले. भुसावळजवळच्या दीपनगरला वीज तयार व्हावी आणि त्याच जिल्ह्यातील विद्यार्थ्याने अंधारात बसावे, हा विरोधाभास येथे कोणास नवा नाही. अशा परिस्थितीत संगणक रीतसर बंद करणे हा केवळ शिस्तीचा भाग नसून माहिती वाचविण्याचा प्रश्न होता. मात्र बंद करण्याची आज्ञा दिल्यावर लिनक्सच्या पडद्यावर ‘सिस्टम हॉल्टेड’ ही अक्षरे उमटत आणि पंखा फिरतच राही. त्या अवधीत कर्नेल नेमके काय करीत असे, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

‘थांबणे’ म्हणजे काय? :
इंटेलच्या १९७८ मधील ८०८६ प्रोसेसरमध्येही ‘एचएलटी’ ही आज्ञा होती. तिने प्रोसेसर कायमचा थांबत नाही. पुढील व्यत्ययसंकेत येईपर्यंत तो स्वस्थ राहतो. शेतावरचा जागल्या चाहूल लागताच उठून बसतो, तसाच हा प्रकार होय.

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्सची २.४ ही मालिका जानेवारी २००१ मध्ये आली. तीत थांबण्याच्या आज्ञेनंतर सर्व कार्यक्रम संपविले जात, डिस्क विलग होत आणि शेवटी कर्नेल वरील संदेश छापी. यानंतर जे ‘थांबविणारे’ फलन बोलाविले जाई, ते सामान्य इंटेल यंत्रांसाठी चक्क रिकामे होते! परिणामी कर्नेल आपल्या रिकाम्या फेऱ्यात जिवंत राही. घड्याळाचा संकेत सेकंदास १०० वेळा त्यास उठवी. बंद करणाऱ्या लिप्यांत बदल करून जाळ्याचे कार्ड चालू ठेवल्यास येणारी पाकिटे तपासून पुढे पाठविण्याचे कामही चाले, कारण गाळणीचे नियम स्मृतीतच असत. २००२ च्या सुमारास काही प्रशासकांनी याचा संरक्षक भिंत म्हणून उपयोग केला. जेथे एकही कार्यक्रम चालू नाही व डिस्क जोडलेली नाही, तेथे घुसखोराच्या हाती फारसे काही लागत नाही. अर्थात नोंदी ठेवणे वा नियम बदलणेही अशक्य होते. त्यामुळे हा उपाय प्रस्तुत लेखकास चतुर परंतु गैरसोयीचा वाटतो. २.६ मालिकेच्या उत्तरकाळात ही पळवाट बुजली. आता इतर प्रोसेसर थांबवून, व्यत्यय बंद करून कर्नेल ‘एचएलटी’च्या अनंत फेऱ्यात शिरते.

वीज तोडण्याचा अधिकार :
जुन्या पेट्यांत यांत्रिक खटका असल्याने वीज तोडणे माणसाच्याच हाती होते. विंडोज ९५ चा केशरी अक्षरांतील निरोप त्याकरिताच होता. १९९२ चे एपीएम, १९९५ ची एटीएक्स रचना आणि डिसेंबर १९९६ चे एसीपीआय यांमुळे मुख्य वीज तोडण्याचे सामर्थ्य कर्नेलकडे आले. तरीही भिंतीवरील बटण चालू असेतो ५ व्होल्टचा क्षीण पुरवठा मदरबोर्डला मिळतच राहतो.

भारनियमनात यांपैकी काहीच घडत नसे. सूचना न देता वीज गेली की स्मृतीतील न लिहिलेला मजकूर नष्ट होई आणि ‘ईएक्सटी२’ पद्धतीच्या डिस्कची पुढच्या वेळी संपूर्ण तपासणी करावी लागे. नोव्हेंबर २००१ मध्ये २.४.१५ आवृत्तीत आलेल्या ‘ईएक्सटी३’ने बदलांची आगाऊ नोंद ठेवून ही तपासणी पुष्कळ आटोपशीर केली, परंतु न लिहिलेला मजकूर वाचविण्यासाठी यूपीएसची ती पाच-दहा मिनिटेच कामी येत.