डिझेल इंजिन प्रतिकृती, रेडी-टू-रन : संग्रह आणि तपशीलकाम

कारखान्यातच पूर्ण जुळवलेली, रंगवलेली, नाव-क्रमांक छापलेली आणि खोक्यातून काढून थेट रुळांवर धावू शकणारी डिझेल रेल्वे इंजिनाची लहान प्रतिकृती. या छंदाची दोन अंगे आहेत : अशा प्रतिकृती जमवणे, आणि त्यांवर जादा भाग बसवून व रंगकाम करून त्यांना एखाद्या खऱ्या इंजिनाचे हुबेहूब रूप देणे. कारखान्यातून येते ते एका वर्गाचे सर्वसाधारण रूप. त्या वर्गातले अमुक क्रमांकाचे इंजिन अमुक वर्षी जसे दिसत होते तसे घडवणे हे तपशीलकाम करणाऱ्याचे खरे काम. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अमेरिकेतील एचओ मापाच्या प्रतिकृतींचा विचार केला आहे.

एचओ माप म्हणजे १:८७. यात रुळांतील अंतर १६.५ मिमी असते आणि ते १,४३५ मिमीच्या प्रमाण गेजशी जुळते. ब्रिटनमध्ये ओओ हे माप रूढ आहे. त्यात गाडी १:७६ प्रमाणात, पण रूळ मात्र एचओचेच. त्यामुळे ब्रिटिश इंजिन समोरून पाहिले की चाके आत ओढल्यासारखी दिसतात. हे न खपणारे तिथले चोखंदळ लोक १८.८३ मिमीचे रूळ स्वतः टाकतात आणि तयार इंजिनाची चाकेही बदलतात. जागा थोडी असेल तर १:१६० चे एन माप सोयीचे पडते.

दुसऱ्या महायुद्धानंतर बारीक तपशिलाची इंजिने हवी असणाऱ्या अमेरिकन ग्राहकाला जपानमध्ये, पुढे कोरियात, हाताने डाग देऊन बनवलेल्या पितळी प्रतिकृती घ्याव्या लागत. त्या महाग असत आणि बहुधा बिनरंगी येत. सामान्य माणसाचे इंजिन म्हणजे कॅलिफोर्नियातील अ‍ॅथर्न कंपनीचे. निळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येणारी ही प्लॅस्टिकची इंजिने अर्धीमुर्धी जुळवलेली असत. कठडे आणि कपलर घरी बसवायचे. ती दणकट होती, स्वस्त होती आणि अमेरिकेतील एका पिढीला हा छंद त्यांनीच लावला. त्यांच्यातील काहींचा एक दोष मात्र प्रसिद्ध आहे : आतली मोटर रुंद असल्याने तिच्यावरचे हूड, म्हणजे यंत्रावरचे लांब आवरणही, प्रमाणापेक्षा रुंद करावे लागले. १९८० च्या दशकात अ‍ॅटलस कंपनीने जपानच्या काटोकडून इंजिने बनवून घेतली. त्यांत सडपातळ मोटर होती, हूड मापात होते आणि चाल घड्याळासारखी नितळ होती. त्या दशकाच्या अखेरीस लाइफ-लाइक कंपनीची प्रोटो २००० मालिका आली आणि सुटे बसवलेले बारीक भागही सामान्यांच्या आवाक्यात आले. पितळी इंजिनांची मक्तेदारी तेव्हापासून ओसरत गेली. आजची बहुतेक तयार इंजिने चीनमध्ये बनतात.

चांगल्या प्रतिकृतीत मोटर मध्यभागी असते. तिच्या दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील, तिथून कार्डन शाफ्ट, आणि प्रत्येक बोगीवर वर्म गिअर. म्हणजे सगळी चाके ओढतात आणि सगळीच रुळांतून वीज घेतात. जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर आधारलेले डीसीसी हे डिजिटल नियंत्रणाचे मानक अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात स्वीकारले. इंजिनातील डिकोडरला, म्हणजे आज्ञा वाचणाऱ्या सर्किटला, स्वतःचा पत्ता मिळाला आणि एकाच रुळावरची दोन इंजिने वेगवेगळी चालवता येऊ लागली. आवाजाचे डिकोडर आल्यावर तर भोंगा, ब्रेक आणि डिझेलची धडधड यांनाही तपशिलाचा दर्जा आला. आल्को कंपनीच्या एखाद्या इंजिनात ईएमडी या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाचा आवाज भरलेला असेल तर जाणकाराला ते चुकीच्या रंगाइतकेच खटकते, आणि ते योग्यच आहे.

तपशील म्हणजे काय ते सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या ‘टनेल मोटर’ इंजिनांवरून चांगले कळते. सिएरा नेवाडा पर्वतातील बोगद्यांत आणि बर्फापासून बचावासाठी बांधलेल्या लांब छपरांखाली पुढच्या इंजिनांचा तापलेला धूर वर साठे आणि मागच्या इंजिनांचे रेडिएटर तीच गरम हवा ओढून तापत. म्हणून ईएमडीने १९७० च्या दशकात एसडी४५टी-२ आणि एसडी४०टी-२ या प्रकारांत हवा खालून, चालण्याच्या पट्टीच्या पातळीवरून घेण्याची सोय केली. या इंजिनांच्या मागच्या भागात खालच्या जाळीतून पलीकडचे आरपार दिसते. प्रतिकृतीत ही जाळी भरीव असेल तर बाकी सारे नीट असूनही इंजिन लटके वाटते. म्हणून ती कापून काढून तिथे कोरीव धातूची जाळी बसवतात.

पुढचा प्रश्न काळाचा. सदर्न पॅसिफिकच्या इंजिनांवर पुढे दिव्यांचा गुच्छ असे : नेहमीचे जोडदिवे, झोत गरगर फिरवणारा दिवा आणि आणीबाणीचा ब्रेक लागताच पेटणारा लाल दिवा. पुढे हे फिरते दिवे वापरातून गेले आणि त्यांच्या जागी पत्रे मारले गेले. खाली दोन्ही बाजूंना असणारे डिच लाइट अमेरिकेत १९९७ अखेरच्या मुदतीने बंधनकारक झाले. १९८० सालचे दृश्य मांडणाऱ्याने ते काढूनच टाकले पाहिजेत. १९९६ मध्ये ही रेल्वे युनियन पॅसिफिकमध्ये विलीन झाली आणि जुन्या करड्या-लाल अंगावर पिवळी ठिगळे मारून नवे क्रमांक टाकलेली इंजिने कित्येक वर्षे धावली. तेच एक इंजिन अशा तीन-चार अवस्थांत करता येते. म्हणूनच जुने, तारीख असलेले छायाचित्र हे या कामातले पहिले हत्यार आहे. तेही शक्यतो दोन्ही बाजूंचे हवे, कारण डिझेल इंजिनाची डावी-उजवी बाजू सारखी नसते.

सर्वाधिक केले जाणारे काम म्हणजे पकडदांड्या बदलणे. स्वस्त प्रतिकृतीत या दांड्या अंगावरच उठावदार ओतलेल्या असतात. त्या छिन्नीसारख्या पात्याने तासून काढायच्या, जागा बारीक पॉलिश कागदाने सपाट करायची, हातड्रिलमध्ये साधारण ०.३५ मिमीचे बिट धरून दोन भोके पाडायची आणि ०.३ मिमी तारेची वाकवलेली दांडी त्यांत सरकवायची. आत कागदाचा तुकडा घालून दांडी अंगापासून सर्वत्र सारख्या अंतरावर ठेवतात आणि सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाचा थेंब मागच्या बाजूने लावतात, म्हणजे पुढे डाग पडत नाही. खरी दांडी सुमारे १९ मिमी जाड. १:८७ मध्ये ती ०.२२ मिमी भरते. म्हणजे ही तारसुद्धा जाडच, पण त्याहून बारीक तार हाताळताना वाकते. ही तडजोड सर्वांनी मान्य केलेली आहे. यानंतर वायपर, भोंगे, अँटेना, ब्रेकच्या हवेच्या नळ्या आणि केडी कंपनीच्या पद्धतीचे धातूचे कपलर यांची पाळी येते.

शेवटी जुनेपणा चढवायचा. एअरब्रशने धुळीचा पातळ थर, एक्झॉस्टभोवती काजळी, इंधनटाकीवर तेलाचे ओघळ, जाळ्यांत गडद रंगाचे पाणी. यात हात आखडता घेणारा सहसा पस्तावत नाही. सर्व इंजिनांवर एकसारखा गंज चढवला की संग्रह निर्जीव दिसतो.

संग्राहकांचे शास्त्र थोडे वेगळे. कंपन्या बहुधा आगाऊ मागणीपुरतेच उत्पादन काढतात, म्हणून एखादा क्रमांक लवकर संपतो आणि जुन्या बाजारात त्याचा भाव चढतो. त्याच साच्यातून पुन्हा माल निघाला की भाव उतरतो. तेव्हा गुंतवणूक म्हणून इंजिने घेऊ नयेत हे उत्तम. जुने इंजिन घेताना ते हळू चालवून पाहावे. ठरावीक अंतराने टकटक होत असेल तर आसावरचा प्लॅस्टिकचा गिअर चिरलेला असण्याची शक्यता असते. वंगण गोंदासारखे घट्ट झाले आहे का, जस्ताच्या मिश्रधातूची चौकट फुगून तिला भेगा गेल्या आहेत का, हेही तपासावे. वंगणाचा दोष साफसफाईने जातो, चौकटीच्या दोषावर इलाज नाही. मूळ खोके जपावे, मात्र आतला जुना स्पंज रंगाला चिकटत असल्यास बदलावा. तपशीलकाम केलेल्या इंजिनाची पुनर्विक्रीची किंमत अनेकदा घटते. म्हणून काही संग्राहक इंजिनाला हातच लावत नाहीत. पण खोक्यात मिटून ठेवलेले इंजिन कोणाच्याच अभ्यासाला येत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

भारताशी या विषयाचा धागा इंजिनांच्या वंशावळीतून जुळतो. १९६२ पासून आलेली, २,६०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-२ इंजिने अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या आराखड्याची. ती पुढे वाराणसीच्या डिझेल कारखान्यात बनू लागली. डब्ल्यूडीजी-४ हे ईएमडीच्या घराण्यातले. त्यामुळे भारतीय इंजिन घडवू पाहणाऱ्याला अमेरिकन तयार प्रतिकृतीच्या बोग्या, मोटर आणि पंखे उपयोगी पडतात. हूड व केबिन मात्र स्वतः करावी लागते. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लहान रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे आणि चालत्या प्रतिकृती जवळून पाहण्याची ती महाराष्ट्रातील उत्तम जागा आहे. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिमी असल्याने १:८७ प्रमाणात रुळांतील अंतर सुमारे १९.३ मिमी व्हायला हवे. तयार यंत्रणा वापरणारे १६.५ मिमीवरच भागवतात. ज्यांना ते चालत नाही त्यांना आस, चाके आणि रूळ तिन्ही नव्याने बनवावे लागतात.