लघवीचे शास्त्र आणि श्रमिकाचे शरीर



वसंतातल्या या व्यासपीठावरून आम्ही लघवीवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठी पडेल, याची आम्हांस कल्पना आहे. पण कामगारांच्या चळवळीत वावरणाऱ्या माणसाला शरीराची लाज बाळगून चालत नाही. मालकाशी होणाऱ्या वाटाघाटींत पगार, पाळी आणि बोनस यांच्या शेजारी 'मुतारी' हा शब्दही मागणीपत्रकात असतो. मजुराचे शरीर हेच त्याचे भांडवल. त्या भांडवलाचा हिशेब शास्त्राने कसा मांडला, आणि त्यात कोण मोजले गेले व कोण राहून गेले, एवढे आज पाहावयाचे आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे व वाचनालयात फार झाले; म्हणून शास्त्रीय गोष्टही आम्ही आमच्याच भाषेत सांगू.

पहिला प्रश्न असा, की लघवी तयार होते कोठे? आपल्या सुश्रुतसंहितेत एक सुंदर दृष्टान्त आहे. नवा घडा गळ्यापर्यंत पाण्यात बुडवून ठेवला, तर तो बाजूंनी झिरपून भरतो. तसा बस्ती, म्हणजे मूत्राशय, सूक्ष्म स्रोतांनी भरतो. निरीक्षण बारीक होते, पण मूत्रपिंडाचे काम त्यात आलेले नाही. पश्चिमेकडेही शरीरातले पाणी वाफेच्या रूपाने मूत्राशयात उतरते असे मानणारा पंथ होता. त्याला इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने प्रयोगाने उत्तर दिले. त्याने जिवंत जनावराच्या दोन्ही मूत्रवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. गाठीच्या वर त्या फुगल्या, खाली मूत्राशय कोरडा राहिला. लघवी मूत्रपिंडातून येते, हे सिद्ध करायला एक दोरा पुरला.

आत काय चालते, हे कळायला मात्र दीड हजार वर्षे लागली. 1666 साली इटलीच्या माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंडातले बारीक गोळे पाहिले. 1842 साली लंडनच्या विल्यम बोमन याने दाखवले, की प्रत्येक गोळा हा केशवाहिन्यांचा गुच्छ असून त्याला एक पिशवी वेढून असते व पिशवीतून नळी निघते. त्याच सुमारास जर्मनीचा कार्ल लुडविग म्हणाला, की रक्ताच्या दाबाने येथे पाणी गाळले जाते आणि पुढे नळीत त्यातले बरेचसे परत शोषले जाते. यावर पुष्कळ वर्षे वाद चालला. तो मिटवला एका बेडकाने. फिलाडेल्फियात वेर्न आणि रिचर्ड्स यांनी बेडकाच्या एका गुच्छाभोवतीच्या पिशवीत केसासारखी काचेची नळी खुपसून आतला थेंब काढला व 1924 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या थेंबात प्रथिने नव्हती, पण साखर आणि क्षार होते. मूत्राशयातल्या लघवीत मात्र ते नव्हते. म्हणजे आधी गाळणे आणि मग कामाचे ते परत घेणे, अशी दुहेरी व्यवस्था ठरली.

गाळणी आहे हे कळले; ती किती गाळते हे कसे कळावे? येथे शास्त्रज्ञांनी जे गणित मांडले, ते कोणत्याही हमालाला समजेल. समजा, प्रत्येक गाडीत एकच पोते आहे आणि गोदामाच्या दारातून मिनिटाला 120 पोती बाहेर पडताना दिसतात. आत न डोकावताही तुम्ही सांगाल, की मिनिटाला 120 गाड्या रिकाम्या होतात. तसेच, रक्तद्रवाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये एखाद्या पदार्थाचा 1 मिलिग्रॅम असेल आणि लघवीतून मिनिटाला 120 मिलिग्रॅम जात असतील, तर मिनिटाला 120 मिलिलिटर रक्तद्रव त्या पदार्थापासून मोकळा झाला. डेन्मार्कच्या रेबर्गने 1926 साली क्रिएटिनीन घेऊन असे गणित केले. न्यूयॉर्कमध्ये व्हॅन स्लाईक व त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच दशकात युरियावर ते बसवून या रीतीला 'क्लिअरन्स' हे नाव रूढ केले.

मात्र पदार्थ प्रामाणिक हवा. नळीने तो परत घेता कामा नये आणि स्वतःहून त्यात भर घालता कामा नये. असा पदार्थ डेलियाच्या कंदात सापडला. त्याचे नाव इन्युलिन. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या होमर स्मिथ आणि जेम्स शॅनन यांनी 1935 साली माणसावर त्याची मोजणी केली. निरोगी तरुण माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिनिटाला सुमारे 120 ते 125 मिलिलिटर, म्हणजे दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतात. त्यातले दीड-दोन लिटर बाहेर जाते, बाकी सारे परत रक्तात. तीनही पाळ्या चालणारा आणि कधीच सुटी न घेणारा असा कामगार आम्ही दुसरा पाहिलेला नाही.

पण इन्युलिन शिरेतून सोडत राहून मोजणी करणे गावोगावच्या दवाखान्यांत कसे जमावे? म्हणून क्रिएटिनीन आले. ते स्नायूंतून रोज जवळजवळ ठरावीक प्रमाणात निघते. 1886 साली याफे याने पिक्रिक आम्लाशी त्याचा नारिंगी रंग दाखवला आणि 1904 साली फोलिन याने त्या रंगावरून मोजण्याची रीत बसवली. मूत्रपिंड मंदावले की क्रिएटिनीन रक्तात साचते. यातल्या दोन खोचा श्रोत्यांनी ध्यानात धराव्यात. एक, गाळणी जवळजवळ निम्मी बंद पडेपर्यंत हा आकडा फारसा हलत नाही. दोन, तो स्नायूंतून येत असल्याने ज्याच्या अंगावर मांसच कमी, त्याचा आकडा मूळचाच कमी. अर्धपोटी मजुराच्या रिपोर्टवर 'सर्व ठीक' असा शेरा येतो आणि आत गाळणी झिजत असते.

हा दोष भरून काढण्यासाठी वय, वजन वगैरे धरणारी सूत्रे आली. 1976 चे कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांचे सूत्र प्रसिद्ध आहे. ते कॅनडातील 249 रुग्णांवरून बसवले होते आणि ते बहुतेक पुरुष होते. बाईसाठी उत्तरातून 15 टक्के वजा करा, एवढे अंदाजाने सांगितले गेले. 1999 च्या अमेरिकन सूत्राने तर कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक लावला. त्यामुळे त्यांचे मूत्रपिंड कागदावर आहे त्याहून चांगले दिसे आणि उपचाराला उशीर होण्याचा धोका असे. 2021 साली तो गुणक नव्या सूत्रातून काढून टाकण्यात आला. मापात ज्याला धरले नाही, त्याच्यावर माप चुकते, हा धडा आम्ही वेतनश्रेणीत शिकलो होतो. तो येथेही खरा ठरला.

आता मूत्राशयाकडे वळू. ही नुसती पिशवी नव्हे. तिच्या भिंतीत स्नायू आहे आणि तोंडाशी दोन बंद आहेत: आतला आपल्या हुकमाबाहेरचा, बाहेरचा आपल्या हुकमातला. भरताना भिंत सैल राहते, बंद घट्ट राहतात. साधारण 150 ते 200 मिलिलिटरवर जाणीव होते आणि 400-500 च्या सुमारास निकड लागते. 1882 साली इटलीत मोस्सो आणि पेल्लाकानी यांनी दाखवले, की हा स्नायू स्वतः आकुंचन पावतो आणि मनातल्या खळबळीनेही त्याचा ताण बदलतो. 1925 साली लंडनच्या बॅरिंग्टनने मांजरांवरील प्रयोगांतून मेंदूच्या देठात एक केंद्र शोधले. भिंत आवळणे आणि बंद सैल करणे ही दोन कामे एकाच क्षणी करवून घेणारा मुकादम तो हाच. पण या मुकादमालाही वरून, पुढच्या मेंदूकडून, परवानगी लागते. तान्ह्या बाळात ही वरची कचेरी अजून उघडलेली नसते, म्हणून ते भरले की सोडते.

1997 साली हॉलंडमध्ये 17 पुरुषांच्या मेंदूची चित्रे यंत्राने घेतली. त्यांना यंत्रात पडल्या पडल्या लघवी करावयास सांगितले होते. 10 जणांना जमले, 7 जणांना इच्छा असूनही जमले नाही. लाज आणि सुरक्षितता या गोष्टी मूत्राशयाच्या कारभारात अशा मुरलेल्या आहेत. ज्या बाईला आडोसा नाही, तिचे शरीर तिला परवानगीच देत नाही. 2020 साली आणखी एक शोध लागला: पिझो-2 नावाचे प्रथिन ज्यांच्यात काम करत नाही, त्यांना मूत्राशय भरल्याची जाणीव नीट होत नाही आणि ते घड्याळ पाहून लघवीला जातात. त्यांना तो जन्मजात दोष आहे. आमच्या कामगारांना जाणीव पुरेपूर असते, तरी त्यांना भोंगा पाहूनच जावे लागते.

या दोन इंद्रियांचा परस्परसंबंध युद्धांनी शिकवला. पहिल्या महायुद्धात पाठीचा कणा तुटलेले बहुतेक सैनिक मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने आणि अंगावरच्या जखमांनी दगावले. मेंदूचा हुकूम तुटल्यावर भिंत आणि बंद एकदमच आवळतात, दाब उलटा वर चढतो आणि मूत्रपिंड खराब होते. 1944 साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे गुटमन यांनी मूत्राशयाची काटेकोर निगा राखून अशी माणसे जगवली. पुढे 1972 साली अमेरिकेत लापिडेस यांनी ठरावीक वेळी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची साधी रीत दिली. त्यांचे म्हणणे असे, की फार ताणलेल्या मूत्राशयाच्या भिंतीत रक्त कमी पोचते आणि तेथे जंतूंना फावते. आपल्या चरकानेही न अडवण्याच्या तेरा वेगांत मूत्राला स्थान दिले आहे.

मग अडवतो कोण? 1948 च्या फॅक्टरी कायद्याने, कामगार कारखान्यात असेल त्या सर्व वेळी त्याला जाता येईल अशा सोयीच्या जागी मुताऱ्या असाव्यात, असे सांगितले. 2020 च्या संहितेने स्त्री, पुरुष व तृतीयपंथी अशी स्वतंत्र सोय सांगितली. पण कागदावरची मुतारी आणि पट्टा सोडून जाण्याची मोकळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उसाच्या फडात तर कागदही पोचत नाही. कोयत्यावरची बाई पहाटेपासून पाणीच कमी पिते, कारण जायला जागा नाही. म्हणजे वर ऊन, आत पाणी नाही, आणि गाळणीवर दुहेरी भार. 2002 साली एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या अशा विकाराची नोंद केली, ज्याला मधुमेह वा रक्तदाब हे नेहमीचे कारण नव्हते. मध्य अमेरिकेत ऊस तोडणारे तरुण त्याला मोठ्या संख्येने बळी पडले आहेत. सर्व कारणांवर एकमत झालेले नाही, पण उन्हातली अतिमेहनत आणि पाण्याचा अभाव यांवर बोट ठेवले गेले आहे. निकाराग्वात पाणी, सावली आणि विश्रांतीची सक्तीची व्यवस्था केल्यावर मूत्रपिंडाची इजा घटल्याचे संशोधकांना आढळले. औषधाची बाटली नव्हे, तर सावलीची ताडपत्री!

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. गॅलेनच्या दोऱ्यापासून डेलियाच्या कंदापर्यंत शास्त्राने मिनिटाला किती मिलिलिटर गाळले जाते ते मोजले. यंत्रापासून मुतारीपर्यंत किती पावले आहेत, फडात पाण्याची घागर किती दूर आहे आणि परवानगी मिळायला किती मिनिटे लागतात, हे मोजणे आपल्या हातात आहे. त्यासाठी प्रयोगशाळा नको. एक घड्याळ, एक वही आणि विचारण्याची हिंमत पुरे. ती वही प्रत्येक युनियनच्या कचेरीत उघडली जावो, एवढी अपेक्षा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.