वाहनांतर्गत गॅरेज-द्वार नियंत्रक

घरालगतच्या गॅरेजचे विजेवर चालणारे दार गाडीत बसल्या जागेवरून उघडता व मिटता यावे, यासाठी मोटारगाडीच्या अंतर्भागातच कायमची बसविलेली रेडिओ प्रेषक यंत्रणा. महाराष्ट्रात ‘गॅरेज’ हा शब्द मोटार-दुरुस्तीच्या कर्मशाळेसाठी रूढ असला, तरी येथे तो घराला जोडून असलेली गाडी ठेवण्याची खोली या अर्थी घ्यावयाचा आहे. सन व्हायझर म्हणजे ऊन अडविणारी दुमडती फळी, छताच्या पुढील भागातील कोश किंवा मागचे दृश्य दाखविणारा आरसा यांपैकी एका जागी ही यंत्रणा असते व तिला बहुधा तीन बटणे असतात. तिचा विकास प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. दिसावयास ही केवळ एक सोय आहे. परंतु घराचे कुलूप दारापासून सुटून गाडीत जाऊन बसल्यावर त्याची किल्ली नेमकी कोणाच्या हाती राहते, हा प्रश्न तिच्या साऱ्या इतिहासात पुनःपुन्हा उभा राहिलेला आहे.

गाडी ठेवण्याच्या जागेची आरंभीची दारे तबेल्याच्या दारांप्रमाणे बाहेर उघडणारी असत व हिमवर्षावात ती उघडणे कष्टाचे होई. सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये आडव्या फळ्या बिजागऱ्यांनी जोडून बनविलेले, रुळांवरून वर सरकत छताला समांतर होणारे दार तयार केले. या दाराचा छोटा नमुना आपल्या फोर्ड मॉडेल टी गाडीच्या मागे बसवून ते गावोगावी विक्रेते शोधीत हिंडले, असे त्यांनी स्थापन केलेल्या ओव्हरहेड डोअर या कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. वजनदार दार उचलता न येणाऱ्यांसाठी त्यांनी १९२६ मध्ये विद्युत्‌ चलित्रावर चालणारा द्वारचालक आणला. मात्र त्याची कळ भिंतीवर होती; म्हणजे गाडीतून उतरणे चुकत नव्हतेच. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांची वाढ झाली, गाडी हे रोजच्या प्रवासाचे साधन बनले आणि गॅरेज घरालाच जोडून बांधले जाऊ लागले. गॅरेजमधून घरात जाणारे आतले दार पुष्कळ कुटुंबे कुलूप न लावताच ठेवीत. त्यामुळे गॅरेजचे दार हेच व्यवहारात घराचे मुख्य दार झाले. ही गोष्ट पुढील घडामोडी समजण्यासाठी ध्यानात ठेवावयास हवी.

१९५० नंतरच्या दशकांत प्रचारात आलेले हातातील रेडिओ प्रेषक अगदी साधे होते. ठराविक कंप्रतेचा संदेश मिळताच ग्राही चलित्र सुरू करी. तो संदेश कोणाकडून आला हे ओळखण्याचे साधन ग्राहीजवळ नव्हते. परिणामी एकाच गल्लीतील दोन घरी सारखेच उपकरण असल्यास एकाच्या बटणाने दुसऱ्याचे दार उघडे. यावर उपाय म्हणून पुढे प्रेषकात व ग्राहीत आठ ते बारा सूक्ष्म खटके बसविण्यात आले. दोन्हींकडील खटक्यांची मांडणी जुळली तरच दार हले. आठ खटक्यांपासून २५६ व बारा खटक्यांपासून ४,०९६ संकेत मिळतात. शेजाऱ्यापासून संरक्षण मिळण्यास ही संख्या पुरेशी होती, चोरापासून मिळण्यास नव्हती. सॅमी कॅमकार या सुरक्षा-संशोधकाने २०१५ मध्ये एका खेळण्यातील रेडिओ मंडलात फेरफार करून अशा स्थिर संकेतांचे दार दहा सेकंदांच्या आत उघडता येते, हे दाखवून दिले.

संकेताच्या प्रश्नाहून अधिक गंभीर प्रश्न जीविताचा होता. दोन गाड्यांच्या गॅरेजचे दार शंभर किग्रॅ.च्या आसपास वजनाचे असू शकते. गाडीतून बटण दाबणाऱ्याला दाराखाली काय आहे ते नेहमी दिसतेच असे नाही. खाली येणाऱ्या स्वयंचलित दारांखाली सापडून लहान मुले दगावल्याच्या अनेक घटना अमेरिकेत घडल्या व त्यांची दखल अखेर तेथील संसदेला घ्यावी लागली. १९९० च्या कायद्यान्वये १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक घरगुती द्वारचालकास अडथळा लागताच दार उलट फिरविण्याची व्यवस्था, तसेच प्रकाशकिरणावर चालणारा संवेदक किंवा दाराच्या कडेवरील स्पर्शसंवेदक यांसारखे जादा संरक्षण अनिवार्य झाले. प्रकाशकिरण जमिनीपासून सु. १५ सेंमी.हून अधिक उंचीवर नसावा, हा दंडक रांगणारे मूल डोळ्यांसमोर ठेवूनच घातलेला आहे. दार थांबविण्याची व उलट फिरविण्याची सोय नसलेल्या, विशेषतः १ एप्रिल १९८२ पूर्वी बनलेल्या द्वारचालकास गाडीतील यंत्रणा जोडू नये, अशी सूचना वाहनांच्या मार्गदर्शक पुस्तिकांत आढळते ती याच कारणाने.

गाडी आणि प्रेषक यांचे नाते आरंभी केवळ ठेवण्याच्या जागेपुरते होते. सुटा प्रेषक चिमट्याने सन व्हायझरला अडकविला जाई. पुढे काही अमेरिकन गाड्यांच्या छतालगतच्या कोशात त्यासाठी खास कप्पा देण्यात आला. मालकाने आपला प्रेषक त्यात चिकटवावयाचा व कप्प्याच्या झाकणाला उंची जुळविणारी खुंटी लावावयाची, म्हणजे झाकण दाबले की आतले बटण दाबले जाई. युक्ती गमतीची होती, पण ओबडधोबड. शिवाय उभ्या गाडीची काच फोडून प्रेषक पळविणाऱ्या चोराला त्याच गाडीतील नोंदणीपत्रावर घराचा पत्ताही मिळे.

यावरचा उत्तम तोडगा मिशिगन राज्यातील हॉलंड या गावच्या प्रिन्स कॉर्पोरेशनकडून आला. एडगर प्रिन्स यांची ही कंपनी दिवा असलेल्या आरशाच्या सन व्हायझरमुळे नावारूपास आली होती. ‘होमलिंक’ या नावाची तिची यंत्रणा १९९० च्या दशकात गाड्यांमध्ये कारखान्यातूनच बसून येऊ लागली. १९९६ मध्ये प्रिन्सचा मोटार-सामग्रीचा व्यवसाय जॉन्सन कंट्रोल्सने विकत घेतला आणि २०१३ मध्ये होमलिंक जेन्टेक्स या कंपनीकडे गेली. जेन्टेक्स ही आपोआप मंदावणाऱ्या आरशांची उत्पादक असल्याने यंत्रणेचा मुक्काम सन व्हायझरमधून आरशाकडे सरकण्यास अनुकूलता लाभली.

या यंत्रणेचे वैशिष्ट्य म्हणजे ती शिकते. गाडीच्या कारखान्याला ग्राहकाच्या घरी कोणत्या कंपनीचे दार आहे हे ठाऊक असणे शक्य नसते. म्हणून मूळ सुटा प्रेषक गाडीतील बटणांपासून सु. ३ ते ८ सेंमी. अंतरावर धरून दोन्हींची बटणे एकदम दाबून ठेवतात. यंत्रणा कंप्रतेचा पट्टा चाळून संदेशाची कंप्रता शोधते, त्यावरील संकेत उलगडते व स्मृतीत साठविते. दर्शक दिवा संथ लुकलुकत असतो तो जलद लुकलुकू लागला की शिक्षण पुरे झाले असे समजावे. कॅनडातील नियमांनुसार प्रेषकाचा संदेश काही सेकंदांनी आपोआप बंद पडतो. म्हणून तेथे सुट्या प्रेषकाचे बटण दर दोन सेकंदांनी सोडून पुन्हा दाबावे लागते.

जुन्या गाडीत ही यंत्रणा मागाहून बसविण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे होमलिंकयुक्त आरसा. आरसा पुढील काचेवरील मूळ आधारावर बसवून त्याच्या तारा छताच्या अस्तराखालून व काचेलगतच्या खांबावरून फ्यूजपेटीपर्यंत नेतात आणि १२ व्होल्टचा पुरवठा जोडतात. ज्या गाड्यांत या खांबापाशी एअरबॅग असते तेथे तारा तिच्या आड येऊ न देणे अत्यावश्यक असते. हे काम हौशी माणसाने करू नये हेच बरे. टेस्ला कंपनीने २०१९ मध्ये मॉडेल ३ या गाडीतून होमलिंक वगळून ती स्वतंत्र किमतीची जोडसामग्री केली; ती पुढील बंपरच्या मागे बसविली जाते व पडद्यावरून चालविली जाते.

१९९० च्या दशकाच्या मध्यास बदलत्या संकेतांची पद्धत आली. तीत प्रत्येक वेळी नवा संकेत जातो. प्रेषक व ग्राही हे दोघेही तो एकाच गणिती नियमाने काढतात व वापरलेला संकेत ग्राही पुन्हा स्वीकारीत नाही. गाडी ग्राहीच्या टप्प्याबाहेर असताना बटण दाबले गेले तरी मेळ तुटू नये म्हणून पुढील काही संकेत ग्राह्य धरले जातात. हवेतील संदेश टिपून पुन्हा वाजविणाऱ्या चोराला यामुळे आळा बसला. मात्र नुसते ऐकून शिकणे गाडीतील यंत्रणेलाही पुरेनासे झाले. आता घरमालकाने गॅरेजमधील चलित्राच्या पेटीवरील नोंदणी-बटण दाबून साधारण तीस सेकंदांच्या आत गाडीत परतावे व तेथील बटण दोन-तीन वेळा दाबावे लागते. ही धावपळ कंटाळवाणी खरी. पण तिचा अर्थ असा, की नवी किल्ली घडविण्याची परवानगी घराच्या आतूनच द्यावी लागते. संपूर्ण पद्धतीतील सर्वांत शहाणपणाची योजना हीच म्हणता येईल.

ही परवानगी घरमालकाने द्यावयाची की उत्पादकाने, असा वाद लवकरच न्यायालयात गेला. चेंबरलेन कंपनीच्या बदलत्या संकेतांच्या द्वारचालकावर चालणारा प्रेषक स्कायलिंक ही दुसरी कंपनी विकू लागली. त्यामुळे १९९८ च्या अंकीय प्रताधिकार कायद्याचा भंग होतो, असा चेंबरलेनचा दावा होता. संघीय अपील न्यायालयाने ३१ ऑगस्ट २००४ रोजी तो फेटाळला. द्वारचालक विकत घेणाऱ्यास त्यातील संगणकीय कार्यक्रम वापरण्याचा हक्क असतो व प्रताधिकाराच्या भंगाशी संबंध नसलेला प्रवेश या कायद्याने निषिद्ध ठरत नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. दुसऱ्याने बनविलेला प्रेषक ग्राहकाने आपल्या दाराला जोडणे या निर्णयाने निर्वेध झाले.

त्याच सुमारास एक अनपेक्षित अडचण उद्‌भवली. अनेक द्वारचालक ३९० मेगॅहर्ट्‌झच्या आसपास चालत आणि अमेरिकन सैन्यदलाने आपली नवी रेडिओ-संपर्क यंत्रणा ३८० ते ३९९·९ मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात सुरू केली. तळांच्या परिसरातील दारे एकाएकी बटणांना दाद देईनाशी झाली. हा पट्टा सैन्यदलाचाच होता. कमी शक्तीच्या विनापरवाना उपकरणांनी तेथील व्यत्यय सहन केला पाहिजे असा नियम असल्याने नागरिकांना तक्रारीस जागा नव्हती. पुढे उत्पादकांनी एकाहून अधिक कंप्रतांवर चालणारे द्वारचालक आणले. त्यांचे नवे संकेत जुन्या गाड्यांतील यंत्रणांना समजेनात व मध्ये दुभाष्याचे काम करणारी पेटी गॅरेजमध्ये बसवावी लागली. गाडी पंधरा-वीस वर्षे टिकते, संकेताची पद्धत तितकी टिकत नाही.

२०१० च्या दशकापासून दार इंटरनेटद्वारा भ्रमणध्वनीवरून उघडण्याची सोय झाली. परंतु येथे बटण व दार यांच्यामध्ये उत्पादकाचा संगणक असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये चेंबरलेनने आपल्या ‘मायक्यू’ या सेवेतील अनधिकृत त्रयस्थ कार्यक्रमांचा प्रवेश बंद केला, तेव्हा अनेक घरमालकांनी स्वतः जोडलेल्या घरगुती योजना बंद पडल्या. गाडीतील बटण थेट ग्राहीशी बोलत असल्याने त्याला या बंदीची झळ लागली नाही.

गाडी विकताना मात्र हे बटण विसरले जाते. नव्या मालकाकडे गाडीबरोबर जुन्या मालकाच्या घराची किल्लीही जाते. म्हणून विक्रीपूर्वी स्मृती पुसून टाकावी असे पुस्तिकांत सांगितलेले असते. बहुतेक गाड्यांत बाजूची दोन बटणे, दर्शक दिवा लुकलुकेपर्यंत, सु. वीस सेकंद एकत्र दाबून धरली की तिन्ही संकेत नष्ट होतात.