अंकुशी रुपया आणि आपली वसई

मंडळी, आजीच्या गाठोड्यात चांदीचा जाड, वेडावाकडा, फारसी अक्षरांचा रुपया असेल तर सोनाराकडे मोडायच्या आधी एवढं वाचा. चंदनसार, कोपरी, फूलपाड्याची जुनी घरं पाडून टॉवर उभे राहतायत, त्यात माळे-फडताळं रिकामी होतायत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

त्यावर अंकुशाची खूण दिसली तर तो पेशवाईतला पुण्याचा अंकुशी रुपया असू शकतो. गंमत बघा, राज्य पेशव्यांचं, छत्रपती साताऱ्याला, पण नाण्यावर नाव दिल्लीच्या मुघल बादशहाचं! लोकांचा विश्वास त्याच शिक्क्यावर होता, म्हणून तोच चालू ठेवला. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे अर्धी अक्षरं बाहेरच राहायची.

या नाण्याचा उतरता काळ आपल्या दारातच सुरू झाला. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळून इंग्रजांच्या आसऱ्याला वसईत आला आणि ३१ डिसेंबरला तह केला. सहा हजार तैनाती फौज, तिच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख. चंदनसारहून बाइकवर वसई किल्ल्यात फिरायला जातो ना आपण, त्याच वसईत हे झालं.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. बाजीराव सालाना आठ लाखांच्या पेन्शनवर बिठूरला गेला. रुपया मात्र थांबला नाही. कंपनी सरकारनेच पुण्यात अंकुशी रुपये पाडले, फसली सन घालून. म्हणजे नाव मुघलांचं, खूण पेशव्यांची, टांकसाळ इंग्रजांची. आणि खरी कमाई सराफाची, कारण गावोगावचे रुपये वेगळे, प्रत्येक अदलाबदलीला बट्टा. शेतकऱ्याने सारा भरायचा तर आधी तो बट्टा सोसायचा.

१८३५ मध्ये कंपनीने सगळीकडे एकच रुपया केला. वजन एक तोळा, बारा भागांत अकरा भाग चांदी, वर विल्यम राजाचा मुखवटा. जुने रुपये भट्टीत गेले. उरले ते आपल्या आज्या-पणज्यांनी बांधून ठेवले म्हणून.

सोनार फक्त चांदीचं वजन धरतो, अंकुशाचे पैसे देत नाही. आणि पाया खणताना जमिनीत नाणी सापडली तर गोष्ट वेगळी. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, म्हणजे आपल्याला पालघरला.