शरणपूरची मुले आणि कफ्फारा

नाशिकचा शरणपूर रोड माझ्या रोजच्या वाटेवर आहे. या नावामागचा इतिहास वर्गात विचारला, तर एखादाच हात वर होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने इथे ख्रिस्ती वसाहत उभारली. इंग्रज आरमार समुद्रात गुलामांची गलबते पकडी. त्यांतून सुटलेली अनेक आफ्रिकी मुले मुंबईमार्गे इथे आली. अक्षरे शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. 1866 मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन शेवटच्या आफ्रिका प्रवासाला निघाला, तेव्हा नाशिकच्या शाळेतले नऊ तरुण त्याच्यासोबत होते. 1874 मध्ये त्याचे पार्थिव लंडनला पोहोचवणारा जेकब वेनराइट हाही याच शाळेचा विद्यार्थी.

या मुलांना इथे तारणाचा धडा दिला गेला. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'खंडणी' हा शब्द येतो. आज तो गुंडांच्या तोंडी आहे. तिथे त्याचा अर्थ सुटकेसाठी मोजलेले मोल. ख्रिस्ती श्रद्धा अशी: माणूस पापाचा गुलाम आहे, ईश्वराचा न्याय मोल मागतो आणि ते मोल येशूने क्रुसावर आपल्या प्राणाने चुकते केले. बेड्यांतून सुटलेल्या मुलाला हा दृष्टांत समजावून सांगावा लागला नसेल.

आपली श्रद्धा इथे वेगळी वाट धरते. हजरत आदम (अ.) चुकले, त्यांनी क्षमा मागितली, अल्लाहने ती दिली, ती चूक वारशाने आपल्याकडे आली नाही. कुणीही दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही, हे पवित्र कुरआन पुन्हा पुन्हा सांगते. मात्र कफ्फारा आहे. चुकून कुणाचा जीव गेला किंवा शपथ मोडली, तर सांगितलेल्या प्रायश्चित्तांत गुलाम मुक्त करणे आहे. म्हणजे मान सोडवण्याची प्रतिमा दोन्हीकडे आहे. तिथे माणूस सोडवला जातो. इथे चुकलेल्यानेच दुसऱ्याला सोडवायचे असते.

एवढ्यावर थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण माझे एक ख्रिस्ती सहकारी एकदा शांतपणे म्हणाले, "सर, ती मुले विकणारे कोण होते?"

त्या व्यापारात अनेक हात होते आणि त्यांत मुसलमान व्यापाऱ्यांचेही होते. गुलाम मुक्त करा, असे सांगणारी आयत त्यांनीही पढली असेल. मी उत्तर दिले नाही.

उत्तर आपल्याच शिकवणीत आहे. अल्लाह आपला हक्क माफ करील. पण माणसाचा हक्क, हुकूकुल इबाद, नुसत्या तौबेने फिटत नाही. ज्याचे हिरावले त्याला ते परत द्यावे लागते किंवा त्याची माफी मिळवावी लागते. नाहीतर कयामतच्या दिवशी तो समोर उभा असतो. दुसऱ्याचे ओझे कुणी उचलत नाही, हे वचन वादात प्रतिपक्षाला ऐकवायला आपल्याला आवडते. ते आधी त्या गलबताच्या मालकाला लागू होते, आणि आज कामगाराची मजुरी बुडवणाऱ्या आपल्यातल्या प्रत्येकाला.